३७५ डॉलरची नोंदणी: कॅलिफोर्नियात समलिंगी जोडीनृत्याची संस्था काढताना लागणाऱ्या सेवांचं परीक्षण

सात-आठ जोड्या दर आठवड्याला जमू लागल्या की नाचणाऱ्या गटाला संस्था लागतेच. हॉलवाले विचारतात, करार कुणाच्या नावाने करायचा? शिक्षकाचे पैसे एकाच माणसाच्या खात्यातून जातात, वर्गणी त्याच खात्यात येते, आणि वर्षअखेरीला ती रक्कम त्याच्या करविवरणाजवळ येऊन उभी राहते. दोन बायकांचा वॉल्ट्झ असो की दोन पुरुषांचा रुंबा, इथवर सगळ्यांची गोष्ट सारखीच.

सॅन फ्रान्सिस्को बे एरिया हे या नाचाचं जुनं घर. एप्रिल फॉलीज ही समलिंगी जोड्यांची स्पर्धा ऑकलंडची. सॅन फ्रान्सिस्कोत सनडान्स सलूनची कंट्री-वेस्टर्न नाचाची रात्र एक ना-नफा संस्थाच चालवते. संपूर्ण खंडासाठी नॉर्थ अमेरिकन सेम-सेक्स पार्टनर डान्स असोसिएशन आहे, युरोपात तसंच काम युरोपियन सेम-सेक्स डान्स असोसिएशन करते. म्हणजे नमुने भरपूर आहेत. आपल्या शहरातल्या, आपल्या आवडीच्या नाचासाठी छोटी संस्था उभी करायची तर सरकारी ऑनलाइन नोंदणी कशी आहे, आणि नोंदणीनंतर लगोलग ज्या सेवा पैसे देऊन घ्याव्या लागतात त्या घेताना काय पाहावं, हे इथे लिहिलं आहे. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांना अर्धी वाट ओळखीची वाटेल. नाचाची म्हणून जी उरलेली अर्धी आहे, तिथेच लोक अडकतात.

आधी मत सांगून टाकतो. नोंदणीची सेवा स्वस्त आहे, सरळ आहे, आणि छोट्या गटाने वकील न लावता ती घरबसल्या वापरावी. पाचपैकी चार तारे. पाचवा कापला त्याचं कारण असं, की जी गोष्ट चुकली तर संस्था मोडते, ती या फॉर्मांपैकी एकही तुम्हाला विचारत नाही.

पायऱ्या आणि पैसे

सुरुवात राज्याच्या बिझफाइल ऑनलाइन या साइटवर. तिथे ‘नॉनप्रॉफिट पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन’चे आर्टिकल्स, म्हणजे संस्था स्थापन करणारा दस्तऐवज, भरायचे, फी ३० डॉलर. छापील मजकूर असतो, रिकाम्या जागा थोड्या: नाव, उद्देश, पत्ता, आणि संस्थेच्या वतीने कोर्टाची कागदपत्रं स्वीकारणारा एजंट. धर्मादाय संस्थेच्या करसुटीचं जे केंद्रीय कलम, ५०१(सी)(३), त्यासाठी जी भाषा लागते (मालमत्ता धर्मादाय कामालाच वाहिलेली राहील, आणि संस्था बंद झाली तर उरलेलं सारं तशाच दुसऱ्या संस्थेला जाईल) ती त्यात आधीच आहे. हौसेने स्वतःच्या शब्दांत आर्टिकल्स लिहिणाऱ्यांकडून नेमकी हीच वाक्यं राहून जातात. तयार फॉर्मच वापरा.

मग आयआरएसकडून, म्हणजे केंद्रीय करखात्याकडून, ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर क्रमांक. तो आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो. सर्च केल्यावर वरच्या बाजूला जाहिरातीत येणाऱ्या खासगी साइट याच कामाचे पैसे लावतात, त्यांच्या नादी लागू नये. बँकेत खातं उघडायला हा क्रमांक लागतो.

त्यानंतर मुख्य काम, करसुटीचा अर्ज: पे डॉट गव्ह या सरकारी साइटवर फॉर्म १०२३-ईझेड, २७५ डॉलर. पूर्ण फॉर्म १०२३ ला ६०० डॉलर पडतात आणि त्यात उपक्रमांचं सविस्तर वर्णन, आर्थिक अंदाज, आर्टिकल्सची प्रत असं सगळं जोडावं लागतं. ईझेडमध्ये उपक्रमांचं वर्णन चार ओळींत आटोपतं, बाकी बहुतेक खुणा करायच्या. वर्गवारीच्या जागी नृत्यासाठी ए६२ हा कोड. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज गेला तर करसूट स्थापनेच्या तारखेपासून धरली जाते. उशीर झाला तर अर्जाच्या तारखेपासून, आणि मधल्या काळातल्या देणग्यांचा प्रश्न उभा राहतो.

करसूट मंजूर झाल्याचं आयआरएसचं पत्र हातात आलं की बरेच गट थांबतात. इथे थांबायचं नाही. राज्याची करसूट वेगळी मागावी लागते: फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचा फॉर्म ३५००ए, फुकट, सोबत आयआरएसच्या पत्राची प्रत. तो राहिला तर वर्षाला किमान ८०० डॉलरचा राज्य कर मागे लागू शकतो. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या धर्मादाय नोंदवहीसाठी फॉर्म सीटी-१, ५० डॉलर. त्याची मुदत संस्थेकडे पहिला पैसा किंवा वस्तू आल्यापासून ३० दिवस आहे. आयआरएसच्या पत्राची वाट पाहत बसलं तर ही मुदत हमखास उलटते. उरला एसआय-१००, म्हणजे पदाधिकाऱ्यांची यादी: २० डॉलर, नोंदणीपासून ९० दिवसांत, आणि पुढे दर दोन वर्षांनी.

३० आणि २७५ आणि ५० आणि २०. झाले ३७५ डॉलर. अनेक गट एका स्पर्धेच्या पोशाखावर याहून जास्त खर्च करतात.

५० हजारांची रेघ

ईझेड फॉर्म वापरायची अट अशी, की वर्षाची ढोबळ जमा गेल्या तीन वर्षांत ५०,००० डॉलरच्या वर गेलेली नसावी आणि पुढल्या तीन वर्षांत जाईल असा अंदाजही नसावा. मालमत्ता अडीच लाखांच्या आत. नव्या गटाला ही रेघ फार लांब वाटते. पण ‘ढोबळ’ म्हणजे खर्च वजा करण्याआधीची जमा, शिल्लक नव्हे, आणि नाचाच्या संस्थेत पैसा येतो तसाच निघून जातो.

हिशेब मांडून पाहा. आठवड्याचा वर्ग, वर्षातून ४० वेळा, दर वेळी ३० जण, माणशी १५ डॉलर: १८,०००. वार्षिक वर्गणी १०० सभासदांची प्रत्येकी ५०: ५,०००. एक स्पर्धा भरवली, ८० नर्तक प्रत्येकी १५०: १२,०००. प्रेक्षकांची २५० तिकिटं, ४० डॉलरची: १०,०००. स्मरणिकेच्या जाहिराती ३,०००. बेरीज ४८,०००. हॉल, शिक्षक, परीक्षक, फ्लोअर यांचे पैसे चुकते केल्यावर खजिन्यात कदाचित हजारही राहणार नाहीत, पण रेघेपासून तुम्ही दोन हजारांवर उभे आहात. पहिल्या तीन वर्षांत स्पर्धा भरवायचीच असेल तर ६०० डॉलर भरून पूर्ण फॉर्म करावा. वर्ग आणि महिन्याची एक नाचाची संध्याकाळ एवढंच मनात असेल तर ईझेड उत्तम.

उद्देशाच्या रकान्यात काय लिहायचं यालाही फार महत्त्व आहे. ‘सभासदांना नाचण्यासाठी एकत्र आणणे’ असं लिहिलं की ती संस्था आयआरएसच्या नजरेत सोशल क्लब होते, म्हणजे कलम ५०१(सी)(७). तेही बेकायदा नाही. पण मग देणगीदाराला करसवलत मिळत नाही, अर्जाचा फॉर्म वेगळा, आणि सभासदांबाहेरून येणाऱ्या पैशाला, गुंतवणुकीचं उत्पन्न धरून, ३५ टक्क्यांची मर्यादा, त्यातही बाहेरच्या लोकांनी सोयी वापरल्याचा पैसा १५ टक्क्यांपर्यंतच. शिकवणं हा तुमच्या कामाचा गाभा असेल तर तसंच लिहा आणि तसंच वागा: लोकांना जोडीनृत्याचं शिक्षण, खुले वर्ग, प्रात्यक्षिकं, हौशी स्पर्धा. महिन्याच्या पार्टीआधी तासभर खुला वर्ग ठेवला तर पार्टीही त्या शिक्षणाचा भाग होते. नुसती पार्टी ठेवली तर होत नाही.

फॉर्म जे विचारत नाही

ईझेडमध्ये तुमचे बायलॉज, म्हणजे संस्थेची घटना, कुणी मागत नाही, वाचत नाही. आर्टिकल्ससुद्धा जोडायचे नसतात, ते बरोबर आहेत अशी खूण तुम्हीच करता. त्यामुळे कित्येक गट नेटवरून कुठल्या तरी फुटबॉल क्लबचे बायलॉज उतरवून घेतात आणि ‘खेळाडू’च्या जागी ‘नर्तक’ घालतात. नाचाच्या संस्थेला हे चालत नाही, समलिंगी जोड्यांच्या संस्थेला तर मुळीच नाही. कारण पहिलाच प्रश्न उभा राहतो: जोडी म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातल्या बॉलरूम संघटनांनी २०१९ मध्ये आपली व्याख्या बदलली. त्याआधी जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. आता एक लीड करणारा (नाच पुढे नेणारा) आणि एक फॉलो करणारा (त्याच्या मागे जाणारा), लिंग कुठलंही. मोठं पाऊल होतं ते. पण त्या व्याख्येत लीड एकाकडे आणि फॉलो दुसऱ्याकडे. समलिंगी नाचाच्या स्पर्धांत जी गोष्ट रंग भरते, ती म्हणजे नाचता नाचता लीड बदलणं, त्या व्याख्येत बसत नाही. तुमच्या कागदावर ती बसली पाहिजे. अशा शब्दांत लिहिता येईल: ‘जोडी म्हणजे एकत्र नाचणारे कोणतेही दोघे. दोघांपैकी कुणीही लीड किंवा फॉलो करू शकेल आणि एकाच नाचात भूमिका कितीही वेळा बदलता येतील.’ कुणाचा लैंगिक कल काय हे त्यात कुठेही आणू नये. सभासदत्व सर्वांना खुलं ठेवावं. कॅलिफोर्नियाचा उनरुह नागरी हक्क कायदा लिंगावरून किंवा लैंगिक कलावरून दार बंद करू देत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी लागू होतो. पुरुषांचा गट, बायकांचा गट, ए-बी-सी-डी असे दर्जे, ट्रान्स आणि नॉन-बायनरी नर्तकांनी स्वतः निवडायचा गट, हे सगळं बायलॉजमध्ये घालू नका, वेगळ्या नियमपुस्तिकेत घाला. बायलॉज बदलायला सभा आणि मतदान लागतं, नियमपुस्तिका समिती एका संध्याकाळी सुधारू शकते, आणि पहिल्या दोन वर्षांत ती नक्की सुधारावी लागते.

लीड बदलणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समितीतल्या न नाचणाऱ्या माणसालाही कळावं. बॉक्स वॉल्ट्झ घ्या. लीड करणाऱ्याचा डावा हात फॉलो करणाऱ्याच्या उजव्या हातात, आणि त्याचा उजवा पंजा समोरच्याच्या डाव्या खवाट्यावर. पहिल्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या पहिल्या आवर्तनात, तो डावा पाय पुढे टाकतो, उजवा बाजूला, डावा जुळवतो. एक, दोन, तीन. आता त्याचा उजवा पाय मोकळा आहे आणि समोरच्याचा डावा. म्हणजे लीडची सुरुवात ज्या पायाने होते तोच पाय आता फॉलो करणाऱ्याकडे मोकळा आहे. बदलायची वेळ हीच. दोन आणि तीनच्या मात्रेवर जुना लीड आपला उजवा पंजा खवाट्यावरून सोडतो आणि समोरच्याच्या दंडावरून घसरवत त्याच्या डाव्या हातात देतो. क्षणभर दोघांचे दोन्ही हात धरलेले असतात. मग जुनी पकड सुटते: नव्या लीडचा उजवा पंजा जुन्याच्या डाव्या खवाट्यावर जातो, जुन्याचा डावा हात नव्याच्या दंडावर येतो, आणि पुढच्या एकला नवा लीड डाव्या पायाने पुढे निघतो. एक, तीन, पाच अशा विषम बारनंतर हे जमतं. पूर्ण बॉक्स करून, म्हणजे दोन बारनंतर, बदलायला गेलं की दोघांचेही चुकीचे पाय मोकळे असतात आणि गुडघे आपटतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोघेही एकाच वेळी खवाट्याकडे हात नेतात. त्यामुळे मधली दोन्ही हातांची पकड गाळू नये.

मंगळागौरीत फुगडी घातलेल्या बाईला हे समजावायला फार वेळ लागत नाही. हाताची अढी, पायाच्या बोटांना बोटं, आणि दोघींचं वजन मागे. जितकी ती मागे, तितकीच मी मागे, नाही तर दोघी पडणार. वारीत पुरुषही पुरुषांशी फुगडी घालतात आणि तिथे लीड कोणाकडे असं कुणी विचारत नाही. बाईने बाईसोबत आणि पुरुषाने पुरुषासोबत नाचणं आपल्याला नवं नाही.

बायलॉजमधल्या आणखी दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात अध्यक्षाला सचिव किंवा खजिनदार होता येत नाही, तेव्हा कमीत कमी दोन माणसं लागतातच. आणि संचालक मंडळात ४९ टक्क्यांहून जास्त ‘हितसंबंधी’ नसावेत. हितसंबंधी म्हणजे ज्यांना गेल्या बारा महिन्यांत संस्थेने मोबदला दिला ते, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक, पती-पत्नीसह. नाचाच्या गटात शिकवणारी जोडी बहुतेक वेळा संस्थापकही असते आणि पुष्कळदा लग्नाचीही. एकाला शिकवण्याचे पैसे मिळाले की दोघेही मोजले जातात. तिघांच्या मंडळात ते ६६ टक्के, चौघांच्यात ५० टक्के, दोन्हीकडे नियम मोडला. पाच जणांच्या मंडळात ४० टक्के, आता चाललं. म्हणून मंडळ पाचाचं करा आणि शिक्षक-जोडी सोडून तीन जण शोधा. शिक्षकाचा मोबदला ठरवताना त्या दोघांनी मतदान करू नये आणि तसं इतिवृत्तात लिहून ठेवावं.

सभासदांना मताचा हक्क द्यायचा की नाही? वकील बहुधा ‘नको’ म्हणतात. आमच्या मते द्यावा. ज्यांना इतर फ्लोअरवर कुणी विचारलं नाही अशा लोकांची ही संस्था आहे, इथे तरी त्यांना विचारलं जावं. मात्र मग गणपूर्ती लिहून ठेवा. काहीच लिहिलं नाही तर कायद्याने ती एकतृतीयांश धरली जाते, आणि १०० सभासदांपैकी ३४ जण नाचायला येतील, सभेला येणार नाहीत. सभेची सूचना १० ते ९० दिवस आधी गेली पाहिजे. सभा नाचाच्या संध्याकाळीच, वर्ग आणि पार्टी यांच्या मधे ठेवावी.

नाव आणि पत्ता उघड होतो

याबद्दल नोंदणीच्या साइटवर कुणी ठळक सांगत नाही. आर्टिकल्समधला एजंटचा पत्ता आणि एसआय-१०० मधली पदाधिकाऱ्यांची नावं-पत्ते कुणालाही ऑनलाइन पाहता येतात. छोट्या संस्था आयआरएसला जे वार्षिक विवरण देतात ते, ९९०-एनसुद्धा, मुख्य पदाधिकाऱ्याच्या नावासह सार्वजनिक शोधात दिसतो. आपल्यात असे कितीतरी जण आहेत ज्यांनी इथे मित्रांना सांगितलंय, पण सांगली-नागपूरला घरी नाही. आणि चुलत भावाने नाव टाकून शोधलं तर संस्थेच्या नावासकट सगळं समोर येतं. पद स्वीकारण्याआधी प्रत्येकाला हे स्पष्ट सांगा. घरच्या पत्त्याऐवजी व्यावसायिक एजंटची सेवा घ्या, वर्षाची ठरावीक फी असते आणि या संस्थेसाठी तो खर्च वाजवी आहे. पत्रव्यवहाराला पोस्टाची पेटी. ज्याला नाव नको आहे त्याने पद न घेता समितीत काम करावं, समितीची नावं कुठल्या फॉर्मवर जात नाहीत.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी: मंडळावर विनामोबदला काम करणं वेगळं आणि संस्थेकडून शिकवण्याचे पैसे घेणं वेगळं. ते पैसे व्हिसाने दिलेल्या कामाबाहेरचे ठरतात. छोटी रक्कम आहे म्हणून चालून जाईल असं धरू नये.

विमा, फ्लोअर, संगीत, निकाल

विम्याशिवाय चांगला हॉल मिळत नाही. बहुतेक हॉल एका घटनेसाठी दहा लाख आणि एकूण वीस लाख डॉलरचं जनरल लायबिलिटी संरक्षण मागतात, आणि प्रमाणपत्रावर ‘अॅडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून हॉलचं नाव. गणेशोत्सवाला शाळेचा हॉल घेतलेल्यांना हा कागद पाठ असेल. पॉलिसी घेताना एकच प्रश्न नक्की विचारा: नाचणारी माणसं स्वतः पडून जखमी झाली तर ते धरलंय का? काही पॉलिसींत ‘खेळात भाग घेणारे’ वगळलेले असतात, आणि तुमच्याकडे तर सगळेच भाग घेणारे.

भाड्याचं फ्लोअर ही सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त फसगतीची सेवा. लग्नाच्या पार्टीसाठी फ्लोअर देणारे माणशी साडेचार चौरस फूट धरतात. एका जागी उभं राहून हलणाऱ्यांना ते ठीक, वॉल्ट्झला काही कामाचं नाही. सहा जोड्यांच्या फायनलसाठी ४० बाय ६० फूट मागा. ४ बाय ४ च्या पॅनेलमध्ये ते १५० होतात. ३ बाय ३ ची पॅनेल असतील तर ४० ला भाग जात नाही, मग ३९ बाय ६०, म्हणजे २६० पॅनेल, आणि सांधे जवळपास दुप्पट. सांधे जितके कमी तितकं बरं. पॅनेल आतल्या कॅम-लॉकने, षटकोनी किल्लीने आवळतात. खालची जमीन गालिच्याची किंवा उंचसखल असेल तर तासाभरात लॉक सैल पडतात आणि फट उघडते. नाच सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात कुणीतरी सगळ्या सांध्यांवरून चालावं. बँकेचं कार्ड ज्या फटीत उभं राहतं तिथे टाच अडकणार. कडेच्या उतरत्या पट्ट्या चारही बाजूंना आहेत ना, हे करारातच लिहून घ्या. निसरडं करायला टाल्कम पावडर टाकू देऊ नका, एकाच्या सोयीपायी पुढचे दहा घसरतात.

संगीताचे परवाने हॉलकडे आहेत का ते आधी पाहावं. नसतील तर अॅसकॅप, बीएमआय, सेसॅक आणि जीएमआर या गाण्यांचे परवाने देणाऱ्या चार संस्थांचा विचार करावा लागतो. एकाचा घेतला म्हणजे झालं असं नाही, कारण प्रत्येकाकडे वेगळी गाणी आहेत. स्पर्धेला वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार, रुंबा २५ ते २७, चा-चा ३० ते ३२, जाइव्ह ४२ ते ४४. डीजेला नुसतं ‘वॉल्ट्झ लावा’ सांगू नये, आकडे लिहून द्यावेत.

निकालासाठी स्क्रुटिनिअर, म्हणजे परीक्षकांच्या गुणांवरून निकाल काढणारा जाणकार, पैसे देऊन आणावा, स्प्रेडशीटवर भागवू नये. बॉलरूमचे निकाल स्केटिंग पद्धतीने लागतात आणि तिच्यात सरासरी नसते, बहुमत असतं. पाच परीक्षक आहेत असं धरा. एका जोडीला १, १, १, ६, ६ असे क्रमांक मिळाले, दुसरीला पाचही वेळा २. बेरीज केली तर पहिलीची १५, दुसरीची १०, म्हणजे दुसरी पुढे वाटेल. स्केटिंगमध्ये पहिली जोडी जिंकते, कारण पाचांपैकी तिघांनी तिला पहिला क्रमांक दिला. स्प्रेडशीटवाल्याने बेरीज केली की चुकीच्या जोडीच्या गळ्यात पदक पडतं, आणि मग ते परत मागणं फार वाईट. परीक्षकांची संख्या विषम ठेवा, आणि लीड बदलणाऱ्या जोडीला कसं पाहायचं हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. जे परीक्षक वर्षानुवर्षं स्त्री-पुरुष जोड्याच पाहत आले त्यांची नजर ‘उंच तो लीड’ असं गृहीत धरते.

बुटांबद्दल थोडकं. भूमिका बदलणाऱ्या जोडीने दोघांनीही दीड इंची टाच घ्यावी. तीन इंची टाचेवर लीड करताना पुढच्या पावलाला टाच आधी टेकत नाही, वजन चवड्यांवर राहतं आणि समोरचा ढकलला जातो. तळ स्वेडचा असावा आणि तारेच्या ब्रशने घासलेला, नाही तर तो काचेसारखा गुळगुळीत होतो. संस्थेने ब्रश दाराशी ठेवावा.

पुण्या-मुंबईत

महाराष्ट्रात हीच संस्था काढायची तर रस्ता वेगळा. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात जण लागतात, आणि सोबतच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. दोघा-तिघांचा गट असेल तर आधी सात नावं जमवावी लागतात, आणि कलम ३७७ खालची गुन्हेगारी ६ सप्टेंबर २०१८ ला गेली तरी उघड सही करायला तयार सात जण जमवणं हेच तिथलं खरं काम आहे. उद्देशात जोडीनृत्याचं शिक्षण आणि स्पर्धा स्पष्ट लिहावं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज, तो राहिला की पुढच्या प्रत्येक कामात अडसर. संगीताच्या परवान्यांसाठी तिथे आयपीआरएस आणि पीपीएल या संस्थांकडे पाहावं लागतं.

नोंदणीनंतरचं वर्ष

इथे परत कॅलिफोर्नियात: दरवर्षी अॅटर्नी जनरलकडे नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म आरआरएफ-१, जमा ५०,००० च्या आत असेल तर २५ डॉलर. आयआरएसचा ९९०-एन आणि राज्याचं तसंच विवरण, १९९एन, फुकट, दोन्ही ऑनलाइन, पाच मिनिटांची कामं. वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर तारीख १५ मे. ९९०-एन सलग तीन वर्षं राहिला तर करसूट आपोआप रद्द होते, मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी. असं होण्याचं कारण क्वचितच आळस असतं. पहिला खजिनदार गाव बदलतो, लॉगिन त्याच्या खासगी ईमेलवर, पत्रं त्याच्या जुन्या घरी. म्हणून पहिल्याच दिवशी संस्थेचा स्वतंत्र ईमेल काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि जबाबदार व्यक्ती बदलली की ६० दिवसांत आयआरएसला फॉर्म ८८२२-बी पाठवा.